रजा

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत आपणांस जे निरनिराळे अर्ज लिहावयास शिकवितात त्यांत रजेच्या अर्जाचा मान पहिला असतो. "माझी प्रकृति बरी नसल्यामुळें मला दोन दिवसांची रजा मिळावी अशी नम्र विनंति आहे," हें वाक्य ज्यानें आपल्या वहींत एकदां तरी उतरून घेतलें नाहीं असा मराठी मुलगा विरळाच. मींही याच शाळेच्या बांकावर बसून तें उतरून घेतलें होतें. त्या वेळीं मला कोणीं 'रजा' या शब्दाचा अर्थ विचारला असता, तर 'सुटी' असें एका शब्दांत उत्तर देऊन मी मोकळा झालों असतों, आणि गुरुजींनींही बहुधा पूर्ण गुण दिले असते. परंतु रजा आणि सुटी हे दोन शब्द एक नव्हेत, हें मला पुढें कळलें. तें कळण्यास मला पुष्कळ वर्षें लागलीं, आणि तें शिकविणारा कोणी पंडित नव्हता. वार्षिकासाठीं कांहीं लिहावें असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हां दुसरा विषय सुचेना. म्हणून या एका लहानशा शब्दाची हकीकत सांगावी असें ठरविलें आहे.

कामावर नसणें या एकाच गोष्टीला आपल्या भाषेंत तीन नांवें आहेत. पहिलें सुटी. हा शब्द आपल्या घरचा. 'सुटणें' या क्रियापदापासून तो निघाला. दावणीचें गुरूं सुटावें, दोरीची गांठ सुटावी, तसा मनुष्य कामापासून सुटतो. सुटी सर्वांना एकदम मिळते आणि ती कोणाला मागावी लागत नाहीं. वर्षारंभींच ती दिनदर्शिकेंत छापलेली असते. दुसरें नांव खाडा. हा शब्द मजुराचा. मनुष्य कामावर आला नाहीं, हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें रेघ पडली, आणि त्या दिवसाचा रोज कापला गेला, कीं खाडा झाला. तो कोणाला विचारून होत नसतो. तुम्हां विद्यार्थ्यांच्या भाषेंत याच वस्तूला दांडी म्हणतात. फरक इतकाच कीं, दांडी मारणारा त्या दिवशीं मोठ्या आनंदांत असतो, आणि खाडा करणाऱ्याच्या घरीं बहुधा आजार असतो किंवा अडचण असते.

या दोहोंच्या मध्यें रजा उभी आहे. ती सुटीसारखी सर्वांची नव्हे, आणि खाड्यासारखी न विचारतां घेतलेलीही नव्हे. ती एकानें मागावयाची आणि दुसऱ्यानें द्यावयाची. सुटीला पंचांग पुरतें. खाड्याला एकटा मनुष्य पुरतो. रजेला मात्र दोन माणसें लागतात. मला जें सांगावयाचें आहे त्याचें बीज एवढ्यांतच आहे.

आतां या शब्दाचें कुळ पाहूं. तो आपल्याकडे अरबींतून फारसीच्या वाटेनें आला. मूळच्या अरबी शब्दाचा अर्थ कामावरील गैरहजेरी असा मुळींच नाहीं. त्याचा अर्थ संतोष, संमति, मनाचा होकार. एकाच धातूपासून निघालेलीं त्याचीं भावंडें मराठींत इतकीं रुळलीं आहेत कीं, तीं परकीं असल्याची शंकाही आपणांस येत नाहीं. 'राजी' हा त्यांतला एक. ज्याचें मन मान्य झालें तो राजी, आणि ज्याचें झालें नाहीं तो नाराज. 'मर्जी' हाही त्याच घराण्यांतला. 'राजीनामा' म्हणजे राजीपणाचा कागद. आज राजीनामा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें नोकरी सोडल्याचें पत्र येतें. परंतु पूर्वीं दोन भांडणारे पक्ष समेटास कबूल झाले म्हणजे ते जो कागद लिहून देत तोही राजीनामाच होता. मुंबई इलाख्यांत शेतकऱ्यास आपल्या ताब्यांतील जमीन सोडावयाची असली म्हणजे तो सरकारास राजीनामा लिहून देई, आणि जो ती जमीन घेई तो कबुलायत लिहून देई. तेथेंही मी हें खुषीनें करीत आहें असेंच त्या कागदानें सांगावयाचें असे. मग मनांतून तो बापडा कितीही रडत असो.

हिंदी आणि उर्दू भाषांत रजा म्हणजे अजूनही संमतीच. कामावरून मिळणाऱ्या मोकळ्या दिवसाला तिकडे छुट्टी म्हणतात. आपल्या मराठींत आणि शेजारच्या गुजरातींत मात्र संमतीमुळें मिळणाऱ्या दिवसालाच रजा हें नांव पडलें. नाहीं म्हणावयास आपल्या भाषेंत मूळच्या अर्थाची थोडी खूण राहिली आहे. पाहुणा उठतांना "आतां रजा घेतों" असें म्हणतो, तेव्हां तो दिवस मागत नसतो. यजमानाचा होकार मागत असतो. याच्या उलट, मालक जेव्हां नोकराला "रजा देतो" तेव्हां पुष्कळदां तो त्याला कायमचा घरीं पाठवीत असतो. घ्यावयाची रजा गोड आणि द्यावयाची रजा कडू, असा हा एका शब्दाचा दुहेरी स्वभाव आहे.

रजेच्या जोडीनें कचेरींत नेहमीं येणारा दुसरा शब्द म्हणजे 'मंजूर'. हा शब्द 'नजर' या शब्दाचा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे मुळांत पाहिलेलें, नजरेखालून गेलेलें. तेव्हां 'रजा मंजूर' या दोन शब्दांत एकानें पाहिलें आणि मनापासून होकार दिला असा सगळा अर्थ भरलेला आहे. परंतु आम्ही सही करणारी माणसें शब्दांचें कुळ पाहत बसत नाहीं.

माझें घराणें गिरणीकामगारांचें. आजोबा रत्नागिरी जिल्ह्यांतून मुंबईस आले आणि गिरणींत लागले. वडीलही त्याच वाटेनें गेले. त्यामुळें सुटी, खाडा आणि रजा या तिन्ही शब्दांचा इतिहास मीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं घरांत ऐकला.

मुंबईच्या गिरण्यांत आरंभींच्या काळीं आठवड्याची सुटी अशी नव्हती. ती मिळविण्यासाठीं झटलेल्या पुरुषाचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते, आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांचा एक अर्ज तयार केला. त्या अर्जांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन चकित होतें: आठवड्यांतून रविवारची सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा, यंत्रावर जायबंदी झालेल्या मनुष्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा. एवढें मागण्यासाठीं साडेपांच हजार माणसांना एकत्र व्हावें लागलें. पुढें १८९० च्या एप्रिल महिन्यांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली. तींत दोन कामकरी स्त्रियांनींही भाषणें केलीं. त्याच वर्षीं १० जून रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संस्थेनें रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीची तरतूद झाली.

ही झाली सुटी. ती सर्वांना एकदम मिळाली, कारण ती सर्वांनीं मिळून मागितली. परंतु आई आजारी पडते ती रविवार पाहून नव्हे, आणि गांवची पेरणीही गिरणीला विचारून येत नाहीं. त्यासाठीं रजा लागते. आणि ती माझ्या आजोबांच्या काळीं मुकादमाच्या हातीं असे. कामावर लावणारा तो, आणि काढणाराही तोच. आजोबा सांगत कीं, गांवीं जावयाचें असलें म्हणजे चार दिवस अगोदरपासून मुकादमाची मर्जी सांभाळावी लागे. एकदां शेतीच्या कामासाठीं त्यांना पंधरा दिवस हवे होते. ते मुकादमाच्या खोलीवर तीन वेळां गेले. पहिल्या वेळीं नुसते उभे राहून परत आले. दुसऱ्या वेळीं नारळ घेऊन गेले. तिसऱ्या वेळीं कोंबडा घेऊन गेले, तेव्हां मुकादम हंसला. ही गोष्ट सांगतांना आजोबाही हंसत. परंतु त्या हंसण्याच्या शेवटीं ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "कोंबड्याचं काय नाय रे. तिन्ही वेळा उंबऱ्याबाहेर उभा केलान, त्याचं वाटतं."

रजा आणि मर्जी हे एका धातूचे शब्द आहेत, हें मीं पुढें कोशांत वाचलें. आजोबांना तें कोश न उघडतां ठाऊक होतें.

वडिलांच्या वेळीं काळ पालटला होता. १९४८ चा कारखान्यांचा कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलांत आला होता. त्यानें असें ठरलें कीं, वर्षांत निदान दोनशें चाळीस दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास पुढील वर्षीं कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस भरपगारी रजा मिळावी. वडील एका कापडगिरणींत सांचेवाले होते. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेलें. पण हें वीसास एकाचें गणित त्यांना तोंडपाठ होतें. एका लहानशा वहींत ते कामाच्या दिवसांच्या उभ्या रेघा ओढीत, आणि वीस रेघा झाल्या म्हणजे त्यांवर एक आडवी रेघ ओढीत. ती आडवी रेघ ओढतांना त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसे, तें पगाराच्या दिवशींही दिसत नसे. "ही मागून घेतलेली नव्हे, कमावलेली," असें ते आईला सांगत. तिला ते 'हक्काची रजा' म्हणत.

त्या रजेवर आम्ही शिमग्याला गांवीं जात असूं. परंतु आमच्या त्या रजेकडे आणखी एका घराचे डोळे लागलेले असत. आमच्या चाळींत शेजारच्या खोलींत एक काका राहत. ते त्याच गिरणींत बदली कामगार होते. कायमचा कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागीं त्या दिवसापुरतें ज्याला काम मिळे तो बदली. रोज भोंग्याच्या वेळीं गिरणीच्या दाराशीं उभें राहावयाचें. बोलावलें तर आंत जावयाचें, नाहीं तर रिकामा डबा नव्हे, भरलेला डबा घेऊन घरीं परत यावयाचें. फाल्गुन जवळ आला म्हणजे हे काका दारांत येऊन आईला विचारीत, "वहिनी, दादा यंदा शिमग्याला किती दिवस जाणार?" आईला त्या प्रश्नाचा अर्थ समजे. दहा दिवस जाणार असें ती सांगे, तेव्हां काकांचा चेहरा उजळे. एकाची रजा हा दुसऱ्याचा रोज असतो, हें मीं असें पाहिलें. एका वर्षीं आम्हांला गांवीं जाणें जमलें नाहीं. तरीही वडिलांनीं आठ दिवसांची रजा घेतली, आणि ते चाळीच्या गॅलरींत बसून राहिले. त्या आठ दिवसांत शेजारच्या खोलींतून तळणाचा वास आल्याचें मला आठवतें. वडिलांनीं कारण सांगितलें नाहीं, आणि काकांनींही आभार मानले नाहींत.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचा इतिहास सांगण्याचें हें स्थळ नव्हे. वडिलांच्या बाबतींत इतकेंच झालें कीं, त्यांना पुन्हां कामावर बोलावणें आलें नाहीं. त्या वेळीं मी एका शाळेंत शिक्षक झालों होतों. घरांत अन्न होतें. तरी वडील कित्येक महिने सकाळीं भोंग्याच्या वेळीं उठून बसत, आणि भोंगा होत नसे. रस्त्यांत कोणी भेटून "काय चाललंय?" असें विचारी, तेव्हां ते म्हणत, "रजेवर आहे." संपावर आहें असें ते म्हणाले नाहींत, काम गेलें असेंही म्हणाले नाहींत. ज्या शब्दाचा त्यांना एवढा अभिमान, त्याच शब्दानें त्यांनीं आपली अब्रू झांकून घेतली. त्यांची ती रेघांची वही अखेरपर्यंत ट्रंकेंत होती. शेवटच्या पानावर सतरा रेघा आहेत.

आतां मला स्वतःविषयीं सांगितलें पाहिजे. आणि खरें सांगावयाचें तर एवढा वेळ मी तें सांगण्याचें टाळीत होतों.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हां दुसऱ्या एका शाळेंत पर्यवेक्षक होतों, आणि शिपाईवर्गाच्या रजेचे अर्ज प्रथम माझ्याकडे येत. आमच्या शाळेंत एक वयस्क शिपाई होते. मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्व त्यांना मामा म्हणत. त्यांची घंटा कधीं एक मिनिट इकडची तिकडे झाली नाहीं. त्यांची म्हातारी आई संगमेश्वराकडील एका खेड्यांत धाकट्या भावाजवळ राहत असे, आणि त्या वर्षीं तिचें दुखणें वाढलें होतें. जूनमध्यें त्यांनीं चार दिवसांची रजा मागितली, मीं दिली. ऑगस्टमध्यें पुन्हां मागितली, तीही दिली. ऑक्टोबरमध्यें सहामाही परीक्षेच्या तोंडावर त्यांचा तिसरा अर्ज आला. माझ्या टेबलावर प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पडले होते, आणि माझें डोकें तापलें होतें. मीं अर्ज हातांत घेतला, कारणाचा रकाना वाचला, आणि कचेरींतील सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणालों, "मामा, तुमची आई वर्षांतून कितीदां आजारी पडते हो?"

दोघे कारकून हंसले. मामाही हंसल्यासारखें करून खालीं पाहूं लागले. मग मीं सही केली. 'मंजूर' असा शेरा मारला, तारीख घातली, आणि कागद पुढें सरकविला. नियमाच्या दृष्टीनें माझें कांहींच चुकलें नव्हतें. रजा त्यांच्या खातीं होती. ती मीं अडविली नव्हती.

डिसेंबरांत शाळेचें स्नेहसंमेलन आलें. मामा सकाळपासून खुर्च्या मांडीत होते, पडदे बांधीत होते, चहाच्या किटल्या वाहत होते. पहिला दिवस उत्तम पार पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेच्या फोनवर निरोप आला, कीं मामांची आई रात्रीं वारली. मामांना हांक मारली तेव्हां ते रंगमंचावर उभे राहून माळ बांधीत होते. निरोप ऐकून ते खालीं उतरले, हातांतील सुतळीचा गुंडा त्यांनीं नीट टेबलावर ठेवला, आणि "येतो सर," एवढेंच म्हणून निघून गेले.

तेरावें करून ते परत आले. नव्या अर्जाची नोंद करण्यासाठीं मीं रजेची नोंदवही उघडली. त्यांच्या खातीं शंभराहून अधिक दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, "मामा, आईची तब्येत इतकी बिघडली आहे हें तुम्हांला कळलं नव्हतं का?"

त्यांनीं खिशांतून एक घडी घातलेलें आंतरदेशीय पत्र काढलें आणि माझ्यापुढें ठेवलें. तें भावाचें होतें, आणि संमेलनाच्या तीन दिवस अगोदर आलें होतें. आई तुझें नांव घेते, जमल्यास निघून ये, असा मजकूर होता. तें पत्र खिशांत ठेवून त्यांनीं खुर्च्या मांडल्या होत्या.

"मग रजा का नाही मागितली? एवढी शिल्लक होती," मी म्हणालों.

"रजा होती सर," मामा म्हणाले. "मागायला तोंड नव्हतं."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. तसा असता तर मला बरें वाटलें असतें. मीं कांहीं तरी बोलण्याचा प्रयत्न केला. तेव्हां "जाऊं द्या सर, तिचंही वय झालं होतं," असें म्हणून त्यांनींच माझें समाधान केलें, आणि ते घंटेकडे गेले. कारण तासाची वेळ झाली होती.

त्या रात्रीं मीं ही हकीकत वडिलांना सांगितली. ते तेव्हां सत्तरीच्या घरांत होते आणि फारसें बोलत नसत. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या मुकादमाला सही येत नव्हती. तुला येते."

त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आजही सुचत नाहीं. एवढें मात्र समजलें कीं, लोखंड्यांच्या त्या साडेपांच हजार लोकांच्या अर्जापासून वडिलांच्या रेघांच्या वहीपर्यंत शंभर वर्षांत माणसांनीं जें झगडून मिळविलें, तें एका चेष्टेच्या वाक्यानें मीं एका मनुष्यापुरतें पुन्हां काढून घेतलें होतें. कायद्यानें त्यांना हक्क दिला होता. पण हक्काचा कागदही शेवटीं कोणाच्या तरी टेबलावर न्यावा लागतो, आणि त्या टेबलामागें बसलेल्या मनुष्याचें तोंड पाहावें लागतें. मीं अर्ज नजरेखालून घातला होता; अर्ज करणाऱ्याकडे मात्र पाहिलें नव्हतें. मीं रजा दिली होती, आणि मी राजी नव्हतों. आजोबांना कोंबडा देऊन कां होईना, गांवीं जातां आलें. मामांना शंभर दिवस पदरीं असून जातां आलें नाहीं.

यावरून कायदा फुकट आहे असा अर्थ कोणीं काढूं नये. मनाच्या चांगुलपणावर सोडलेल्या गोष्टीचें काय होतें, हें आजोबांच्या काळानें दाखविलें आहे. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं गिरण्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतीच्या मदतीचा कायदा झाला नसता, तर किती बायांना बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत यंत्रापुढें उभें राहावें लागलें असतें कोण जाणे. १९६१ च्या प्रसूतीच्या कायद्यांतील बारा आठवड्यांची रजा २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांच्या बाबतींत सव्वीस आठवड्यांवर गेली. तीही मागणाऱ्यांनीं मागितली आणि कायद्यानें दिली म्हणूनच. हक्क पाहिजेच. परंतु 'हक्काची रजा' या शब्दांत हक्क हा पहिला शब्द आहे आणि रजा हा दुसरा. पहिला कायदेमंडळांत मिळतो, दुसरा टेबलापाशीं मिळतो.

त्यानंतर मी नोकरींत होतों तोंपर्यंत मीं एक नियम पाळला. अर्ज आला कीं प्रथम सही करावयाची, मग पेन खालीं ठेवावयाचें, आणि मग विचारावयाचें, "घरीं सर्व ठीक आहे ना?" सहीच्या अगोदर विचारलेला तोच प्रश्न चौकशी होतो, आणि सहीच्या नंतर विचारलेला विचारपूस होतो. या नियमामुळें शाळेची एकही घंटा चुकली नाहीं. कधीं कोणीं खोटें कारण सांगून माझ्याकडून रजा नेलीही असेल. तो तोटा मला चालला. मामांनीं पुढें पांच वर्षें नोकरी केली आणि त्या काळांत माझ्याकडे दोनदां रजा मागितली. दोन्ही वेळां अर्ज पुढें करतांना त्यांचा हात क्षणभर अडखळला. तें अडखळणें मला शेवटपर्यंत घालवितां आलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आज तुम्ही रजेचे अर्ज लिहीत आहांत. उद्यां तुमच्यांतील पुष्कळजण ते वाचावयास बसतील. कोणी कारखान्यांत, कोणी कचेरींत, कोणी दवाखान्यांत; आणि ज्यांना यांपैकीं कांहींच व्हावयाचें नाहीं, त्यांच्याही घरीं धुण्याभांड्यांस येणारी एखादी बाई दारांत उभी राहून, चाचरत, "ताई, उद्यां येणार नाही," असें सांगेल. तिच्यासाठीं वीसास एक असें गणित बहुतेक घरांत कोणी मांडलेलें नसतें. तिची रजा अजून पुष्कळ ठिकाणीं मर्जीच आहे, आणि मर्जी नसली तर खाडा. त्या वेळीं या शब्दाचा जुना अर्थ तुम्हांस आठवावा, एवढ्यासाठींच मीं हा घरचा इतिहास आणि स्वतःची चूक तुमच्यापुढें मांडली आहे.

लेख ठरल्यापेक्षां लांबला. आपण तो शेवटपर्यंत वाचला असेल तर आपण राजी आहांत असें समजतों, आणि आपली रजा घेतों.